गिरणीच्या ओट्यावरची चढती रांग

शहापूरला मी दोन वर्षं कॉम्प्युटर शिकवला असं सांगितलं की लोकांना वाटतं, मला तो येत होता. मी कल्याणला एक वर्षाचा डिप्लोमा केला होता, त्यातले चार महिने काविळीत गेले होते. आटगावला घरी बसून काय करायचं म्हणून शहापुरात चौकशी करत गेले, आणि एका सरांनी मला पाचव्या मिनिटाला नोकरीवर ठेवलं. त्यांचा एकच प्रश्न होता, "सी लँग्वेज येतं?" मी म्हटलं, "हो." खरं तर मला निम्मं येत होतं. उरलेलं निम्मं मी रोज शिकवण्याच्या आदल्या दिवशी शिकत असे.

सरांचा मूळ धंदा टायपिंगचा. वीस वर्षं त्यांनी अर्ध्या तालुक्याला टायपिंग शिकवलं होतं. कॉम्प्युटर आले तशी त्यांनी टायपिंगची मशिनं माळ्यावर टाकली, भिंतीला निळा रंग दिला आणि तीन कॉम्प्युटर आणले. त्यातले दोन चालत. तिसऱ्याची पेटी रिकामी होती, पण "क्लास भरलेला दिसला पाहिजे" म्हणून त्यालाही रोज फडक्यानं पुसायचं. कॉम्प्युटरबद्दल सरांचं ज्ञान एवढंच होतं की चपला बाहेर काढायच्या आणि बोटं नीट ठेवायची. पोरांचा प्रोग्राम चुकला की ते मागून येऊन म्हणत, "स्पीड वाढव, स्पीड."

क्लास पहिल्या मजल्यावर होता आणि खाली पिठाची गिरणी. तो काळ भारनियमनाचा. लाइट गेली की आमचा क्लास बंद, आणि लाइट आली की गिरणी चालू. गिरणी चालू झाली की आमच्या पडद्यावरची अक्षरं पोहायला लागत. म्हणजे आम्हाला लाइट हवी, पण दळायला कोणी नको, असा मुहूर्त शोधावा लागे. तो साधारण दुपारी जेवणाच्या वेळी अर्धा तास मिळायचा.

आमच्या पहिल्या बॅचला सहा विद्यार्थी होते. त्यातले तीन आठवणीत पक्के आहेत. एक डोळखांबकडची मुलगी, दोन गाड्या बदलून यायची आणि उशीर कधीच करायची नाही. एक उंच पोरगा, क्रिकेटवेडा, कॉम्प्युटर शिकायला का आला होता ते त्यालाही ठाऊक नव्हतं. आणि एक नुकतेच निवृत्त झालेले पोस्टमन काका. काकांचं म्हणणं होतं, "आता पत्रं कॉम्प्युटरनं जानार म्हनतात. कशी जातात ते एकदा बघून घेऊ."

परीक्षा मुख्य संस्थेकडून व्हायची. त्यांचे परीक्षक बाहेरून येणार, दिवसभरात आधी मुरबाडचा क्लास आणि मग आमचा, असं ठरलं होतं. मुरबाडचा क्लास सरांच्या साडूंचा होता. ही गोष्ट साधी नव्हती. साडूंनी क्लास सरांचं बघून काढला होता, आणि त्यांच्याकडे चारही कॉम्प्युटर चालत. सर परीक्षेच्या महिनाभर आधीपासून रोज एकदा तरी म्हणायचे, "मॅडम, बाकी काय झालं तरी चालेल. मुरबाडपेक्षा खाली नको."

परीक्षेसाठी सरावाचे दहा प्रश्न आले होते. नऊ जमले. दहावा इंग्रजीत असा होता की, पूर्णांकांचा एक अ‍ॅरे, म्हणजे ओळीनं मांडलेले आकडे, दिला आहे, त्यातला सगळ्यात लांब 'इन्क्रीझिंग रन' शोधा.

मी तो फळ्यावर लिहिला आणि वर्गाकडे पाहिलं. क्रिकेटवाला पोरगा पहिल्यांदाच आपणहून उभा राहिला.

"मॅडम, रन म्हंजे धावा. वाढत्या धावा. म्हंजे ज्या म्याचमधे दर ओव्हरला जास्त रन झाले ती."

"नाही रे," मी म्हटलं, "इथे क्रिकेट नाही."

"मग रन कोन काढनार?"

सर दारात उभे होते. ते म्हणाले, "रन म्हणजे प्रोग्राम रन करणे. त्यात शोधायचं काय? दाबा आणि मोकळे व्हा."

शेवटी डोळखांबच्या मुलीनं सोडवलं. ती म्हणाली, "मॅडम, आमच्याकडं येताना रस्ता कसा चढतो, मग जरा उतरतो, मग परत चढतो. तसा हाय का हा? सलग चढ किती लांब हाय, ता मोजायचा?"

तसंच होतं ते. एकामागून एक आकडे आहेत. प्रत्येक आकडा मागच्यापेक्षा मोठा येतोय तोवर चढ चालू. लहान आला की चढ तुटला, तिथून नवा सुरू. सगळ्यात लांब चढ किती आकड्यांचा, ते सांगायचं. मी फळ्यावर प्रोग्राम लिहिला. दोन डबे घ्यायचे. एका डब्यात सध्याच्या चढाची मोजणी, दुसऱ्यात आतापर्यंतच्या सगळ्यात लांब चढाची. आकडा चढला की पहिल्या डब्यात एक वाढवायचा. आकडा उतरला की पहिला डबा दुसऱ्याशी ताडून बघायचा, मोठा असेल तर तो आकडा दुसऱ्यात टाकायचा, आणि पहिल्यात परत एक ठेवायचा. झालं. मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं की मी तो प्रोग्राम फळ्यावर आठवडाभर पुसू दिला नाही. सगळ्यांनी तो वहीत उतरवून पाठ केला.

पण समजला एकाच मुलीला. आणि नेमके त्याच आठवड्यात लाइटचे वांधे झाले. कुठलातरी ट्रान्सफॉर्मर गेला होता. तीन दिवस दिवसा लाइट नाही. परीक्षा परवावर आली आणि दहावा प्रश्न कोणी एकदाही कॉम्प्युटरवर चालवून पाहिला नव्हता. मीसुद्धा.

सर खिडकीतून खाली बघत होते. खाली गिरणीच्या ओट्यावर दळण घेऊन आलेली माणसं डबे, पिशव्या घेऊन बसली होती. लाइट आज येईल, उद्या येईल, करत सकाळपासून ताटकळली होती.

मला एकदम सुचलं. "सर, आपण माणसांचा अ‍ॅरे करू या."

"कसला?"

"माणसं रांगेत उभी करायची. प्रत्येकाच्या हातात आकड्याची चिठ्ठी. मुलं रांगेवरून चालत जातील आणि मोजतील. म्हणजे डोक्यात बसेल."

सरांना ते फार आवडलं, कारण त्याला वीज लागत नव्हती.

आम्ही सगळे खाली उतरलो. तिघे विद्यार्थी काम करणार होते, उरलेले तिघे रांगेत. आणखी अकरा माणसं हवी होती. सरांनी टायपिंगच्या परीक्षेत वापरायचे तो आवाज काढला, "चला, सगळ्यांनी एका ओळीत उभे राहा!" आणि खरं सांगते, एकानंही का म्हणून विचारलं नाही. सगळी उठली, डबे घेऊन उभी राहिली. गिरणीवाला त्या वेळी चहा प्यायला गेला होता, नाहीतर पुढचं काही घडलंच नसतं.

मी चिठ्ठ्या वाटायला लागले. पहिल्या चौघांना मुद्दाम चढते आकडे दिले, आठ, पंधरा, तेवीस, एकेचाळीस. बाकीचे वेडेवाकडे. म्हणजे उत्तर चार येणार हे मला आधीच माहीत. रांगेच्या शेवटाला एकाच गावातून आलेल्या पाच बायका होत्या. त्यांच्या म्होरक्या म्हणजे एक साठीच्या धिप्पाड मावशी, तांदळाचा डबा कमरेवर. तिथवर पोचेपर्यंत पुढे भांडण लागलं होतं म्हणून मी उरलेल्या पाच चिठ्ठ्या सरांच्या हातात देऊन पळाले.

भांडण चिठ्ठ्यांवरूनच होतं. लोकांना वाटलं, हा दळणाचा नंबर आहे.

"मी सकाळी आठला येऊन बसल्ये," चौथ्या काकू लाल होऊन म्हणत होत्या, "आनि मला एकेचाळीस? हा माझ्या मागून आला त्याला तीन?"

"काकू, हा दळणाचा नंबर नाही."

"मग कशाचा?"

"हा अ‍ॅरे आहे."

"कोनाचा?"

रांगेतल्या एका टोपीवाल्या बाबांना दोन आकडा आला होता. ते वेगळ्याच कारणानं चिडले. "मी काय दोन नंबरवाला मानूस वाटलो तुमाला? सगळ्या गावाला इचारा!" त्यांना मी चार वेळा सांगितलं की दोन हा नुसता आकडा आहे. शेवटी ते चिठ्ठी उलटी धरायला तयार झाले.

मग काम सुरू झालं. पोस्टमन काका रांगेवरून चालणार, एकेकाची चिठ्ठी वाचणार. डोळखांबची मुलगी सध्याचा चढ बोटांवर मोजणार. क्रिकेटवाला पोरगा पाटीवर सगळ्यात मोठा आकडा लिहून ठेवणार. काकांनी इतकी वर्षं दारोदार पत्रं टाकलेली, त्यामुळे ते नुसतं वाचून पुढे जाईनात. प्रत्येकापाशी थांबून "काय, बरं हाय ना? पोरगा कुठं असतो आता?" असं विचारूनच चिठ्ठी वाचायचे.

"काका, कॉम्प्युटर असं विचारत नाही."

"म्हनून तर तो लोकांना आवडत नाय, मॅडम."

आठ, पंधरा, तेवीस, एकेचाळीस. मुलीनं चार बोटं वर केली. मग तीन. चढ तुटला. पोरानं पाटीवर चार लिहिलं. तीन, सहा, दोन बोटं. मग टोपीवाल्या बाबांचा दोन, त्यानंतर तीस, परत दोन बोटं. मग अकरा. चढ तुटला. मग पाच आला, पुन्हा तुटला. पाटीवर चारच. त्यानंतर काका चालत चालत शेवटापर्यंत गेले, मावशींची तब्येत विचारली, आणि रांग संपली.

"सगळ्यात लांब चढ?" मी वर्गाला विचारतात तसं विचारलं.

"चार!" पोरगा ओरडला.

"बरोब्बर!" मी म्हटलं. सरांनी टाळ्या वाजवल्या. रांगेतल्या दोघातिघांनी पण वाजवल्या.

"चार कसा गो?" शेवटून आवाज आला. मावशी.

"मावशी, तुम्ही उभ्या राहिलात, आभारी आहे. झालं आता."

"झाला कसा? आमाला कुठं मोजलास? ही पाच, ही नऊ, ही बारा, ही अठरा नि मी सत्तावीस. चढतच आलोव ना आमी? पाच जनी हाव. पुढच्या चार जनांना टाळ्या वाजवल्यास नि आमी काय माशा मारायला उभ्या हाव?"

मी चिठ्ठ्या पाहिल्या. पाच, नऊ, बारा, अठरा, सत्तावीस. मी सरांकडे पाहिलं. ते म्हणाले, "पाची बायका एका गावच्या, उलटसुलट नंबर दिले असते तर आपसात भांडल्या असत्या. म्हणून मी लावून दिले."

मी डोळखांबच्या मुलीकडे पाहिलं. तिची पाच बोटं अजून वर होती. ती तशीच उभी होती, कारण मी शिकवलं होतं की आकडा उतरला तरच पाटीवाल्याला सांगायचं. शेवटच्या चढानंतर उतार आलाच नव्हता. रांगच संपली होती. त्यामुळे तिनं पोराला सांगितलं नाही, आणि पोरानं पाटीवर लिहिलं नाही. दोघांनी माझ्या प्रोग्रामप्रमाणे अगदी चोख काम केलं होतं. चुकला होता तो माझा प्रोग्राम.

आठवडाभर फळ्यावर मिरवत ठेवलेला. सगळ्यांनी पाठ केलेला. मला वाटलं, इथून सरळ स्टेशन गाठावं आणि उद्यापासून आटगावला भात लावायला जावं.

"मॅडम," मुलगी हळूच म्हणाली, "रांग संपली की एकदा परत इचारायचा. शेवटाला. मंग बरोबर येईल."

"हो," मी म्हटलं. "रांग संपल्यावर एकदा परत ताडून बघायचं. मी मुद्दाम लिहिलं नव्हतं. तुम्हाला सापडतं का बघत होते."

हे खोटं आहे हे पोस्टमन काकांना कळलं. मावशी मात्र खूश झाल्या. "मंग वाजवा आता आमाला टाळ्या," म्हणाल्या. आम्ही वाजवल्या.

त्या टाळ्यांमध्येच लाइट आली.

गिरणीवाला कुठूनसा धावत आला, मोटर घरघरली आणि रांग मोडली. सगळे एकदम डबे घेऊन पुढे घुसले. टोपीवाल्या बाबांनी आता चिठ्ठी सुलटी केली होती. "माझा दोन नंबर हाय! आधी माझा!" तीनवाला म्हणाला, "मग मी." एकेचाळीसवाल्या काकूंनी चिठ्ठी फाडून गिरणीवाल्याच्या अंगावर फेकली.

"नंबर कोनी वाटले?" गिरणीवाल्यानं विचारलं. सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"अहो बाई," तो म्हणाला, "वाटलेत तर आता लावून द्या सगळ्यांना नंबरापरमाने!"

"ते मला येत नाही," मी म्हटलं. "सॉर्टिंग पुढच्या महिन्यात आहे."

त्यानंतर गिरणीवाला जे बोलला ते इथे लिहीत नाही. सरांनी मध्ये पडून सगळ्या चिठ्ठ्या गोळा केल्या आणि लोकांना आले त्या क्रमानं उभं केलं. त्यात अर्धा तास गेला. मावशी त्या गोंधळात कधी पुढे गेल्या कुणाला कळलं नाही, पण सगळ्यात आधी पीठ घेऊन त्याच बाहेर पडल्या.

परीक्षेच्या दिवशी परीक्षक दुपारी मुरबाडहून आले. सडपातळ गृहस्थ, घामाघूम झालेले. लाइट होती. सरांनी गिरणीवाल्याला काय सांगितलं ठाऊक नाही, पण दोन तास गिरणी बंद होती. परीक्षकांनी चिठ्ठ्यांतून प्रश्न काढायला लावले आणि पोस्टमन काकांना दहावा आला. काका एका बोटानं टाइप करत. एकेक अक्षर शोधून, त्याला ओळख दाखवून मग दाबायचे. पाऊण तासानं प्रोग्राम उभा राहिला. परीक्षकांनी स्वतः दहा आकडे सांगितले. शेवटचे सहा चढते.

काकांनी बटण दाबलं. पडद्यावर सहा आला.

परीक्षकांनी चष्मा काढून पुसला. "मुरबाडला दोघांना हाच प्रश्न होता. दोघांचंही शेवटी चुकलं." मग ते खाली वाकून प्रोग्राम वाचू लागले. "हे काय आहे? इथे तुम्ही मावशी असं लिहिलंय."

काकांनी शेवटच्या तपासणीच्या ओळीच्या डोक्यावर इंग्रजी अक्षरांत टीप म्हणून 'मावशी' लिहिलं होतं.

"सर, ती शेवटाला उभी असते," काका म्हणाले. "तिला इचारल्याशिवाय पुढं जायचा नाय."

परीक्षकांनी मान डोलावली. त्यांना काय समजलं कोण जाणे. मुलीच्या वहीत पाहिलं तर तिथेही मावशी. क्रिकेटवाल्यानं तर आकृतीत डबा घेतलेली बाई काढली होती.

"मॅडम," परीक्षक मला म्हणाले, "ही तुमची पद्धत कुठल्या पुस्तकातली?"

"अनुभवातली," मी म्हटलं.

सर तेवढ्यात समोरच्या टेलिफोन बूथवर गेले आणि साडूंना फोन लावला. आम्हाला खिडकीतून त्यांचा चेहरा दिसत होता. आधी हसरा होता, मग पडला. ते परत आल्यावर मी विचारलं, साडू काय म्हणाले.

"म्हणतो, आमच्याकडे लाइट असते हो, म्हणून पोरांना माणसं मोजायची वेळ येत नाही." सरांनी तिसऱ्या कॉम्प्युटरवरून फडकं फिरवलं. मग म्हणाले, "पण आवाज बारीक झाला होता त्याचा."

महिन्याभरानं निकाल आला. पाच पास, एक नापास. नापास झाला क्रिकेटवाला. त्याला तोंडी परीक्षेत अ‍ॅरे म्हणजे काय विचारलं, तर तो म्हणाला, "गिरणीसमोर उभी राहिलेली माणसं." मी परीक्षक असते तर पास केलं असतं. पुढे तो ठाण्याला कुरिअरच्या कामाला लागला. डोळखांबची मुलगी पुढच्या वर्षी आमच्याकडेच शिकवायला लागली, आणि माझ्याइतकं खोटं बोलावं लागत नसे तिला.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी सरांनी पेढे आणले. एक पुडा मी मावशींना द्यायचं ठरवलं. गाव फार लांब नव्हतं, रिक्षानं गेले. मावशी अंगणात उन्हात बसून वाल सोलत होत्या. त्यांनी मला ओळखलं नाही. मी सांगितलं, गिरणीपाशी रांग, चिठ्ठ्या, पाच जणी.

"हां हां, ती नंबरवाली पोर! काय झाला?"

"मावशी, तुमच्यामुळे माझी मुलं पास झाली."

"कशात?"

"कॉम्प्युटरात."

मावशींनी वालाचं सूप बाजूला ठेवलं, पुडा हातात घेतला आणि शेजारच्या घराकडे तोंड करून ओरडल्या, "ऐकलास का गो? मी कॉम्प्युटरात पास झाले!"

शेजारून कुणीतरी विचारलं, "किती मार्क?"

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "सत्तावीस."

"सत्तावीस!" त्या ओरडल्या. मग मला हळू आवाजात विचारलं, "त्या बाकीच्या चौघी पन पास का?"

मी हो म्हटलं.

"त्यांना सांगू नको," म्हणाल्या. दोन पेढे खाल्ले, एक माझ्या हातावर ठेवला, आणि उरलेला पुडा उठून आत फडताळात नेऊन ठेवला.